रोजचा वाटा : आत्म्याची भूक देव कशी भागवतो

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. दूरदूरच्या गावांहून भाविक येतात, मेणबत्त्या लावतात, मिस्सेला बसतात आणि मनातली मागणी सांगून परत जातात. मागण्या बहुतेक ओळखीच्या असतात. आजार बरा व्हावा, मुलीचे लग्न जमावे, नोकरी लागावी, घरात पाळणा हलावा. या मागण्यांत कमीपणाचे काही नाही. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीची मागणी आहेच. पण त्याच गर्दीत काही माणसे अशीही असतात की ज्यांच्याकडे नोकरी आहे, घर आहे, लेकरेबाळे आहेत, तरी आतून ती रिती झालेली असतात. कुणाला जुन्या चुकीची क्षमा हवी असते. कुणाचा भावावरचा राग वर्षानुवर्षे सुटत नाही. जोडीदार गेल्यावर कुणाला सकाळी उठावेसे वाटत नाही. कुणाची प्रार्थना चालू असते, पण ती ओठांपुरतीच उरलेली असते.

या आतल्या गरजांसाठी देवावर भरवसा कसा ठेवायचा, हा या लेखाचा विषय आहे. 'देव पुरवील' असे आपण एकमेकांना सहज म्हणतो. दुखवट्याच्या घरी म्हणतो, प्रार्थनासभेत म्हणतो. पण तो आत्म्याला नेमके काय पुरवतो, कोणत्या वाटेने पुरवतो आणि त्यात आपण काय करायचे असते, हे सावकाश उलगडून सांगणारे फारसे कुणी भेटत नाही. नाशिक परिसरातल्या ख्रिस्ती माणसांनी हा भरवसा आयुष्यभर जगून दाखवला आहे. त्यांच्या आधाराने आपण ही वाट एकेक पाऊल चालून पाहू.

आधी गरज ओळखावी

पोटाची भूक स्वतःहून सांगते. आत्म्याची भूक मात्र वेष पालटून येते. ती चिडचिड होऊन येते, कंटाळा होऊन येते, सतत काहीतरी विकत घेण्याची हाव होऊन येते, दुसऱ्याच्या सुखाचा हेवा होऊन येते. म्हणून पहिले काम म्हणजे तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणे.

ख्रिस्ती शिकवणीनुसार या गरजा साधारण चार प्रकारच्या आहेत. पहिली क्षमेची. केलेल्या चुकीचे ओझे माणसाला स्वतःहून उतरवता येत नाही. दुसरी सामर्थ्याची. चांगले काय ते कळते, पण वळत नाही, तेव्हा बळ बाहेरून यावे लागते. तिसरी दिशेची. दोन वाटा समोर असताना कोणती धरावी, हे समजण्यासाठी शहाणपण लागते, आणि ते देवाकडे मागावे असे याकोबाच्या पत्रात स्पष्ट सांगितले आहे. चौथी सोबतीची. आपण एकटे नाही आणि मरणापलीकडेही एकटे असणार नाही, ही खात्री माणसाला हवी असते.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरील प्रवचन सुरू होते, ते या रितेपणापासूनच. जे आत्म्याने दीन आहेत आणि ज्यांना नीतिमत्त्वाची तहानभूक लागली आहे, त्यांना येशू धन्य म्हणतो. भूक लागणे हीच मुळात कृपेची पहिली खूण आहे. जिवंत माणसालाच भूक लागते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे फार बोलके आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे शास्त्राध्ययन मोठे होते, ख्रिस्ती शिकवण त्यांनी बुद्धीने पारखून स्वीकारली होती आणि पुढे मुंबईत शारदा सदन काढून विधवांसाठी कामही उभे केले होते. तरी बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः मिळालेला नाही. ही गोष्ट त्यांनी आपल्या साक्षीत उघडपणे लिहून ठेवली आहे. एवढी विद्वत्ता आणि एवढी सेवा असूनही आत एक जागा रिकामी आहे, हे त्यांनी स्वतःपासून लपवले नाही. त्या कबुलीनंतर त्यांच्या आयुष्यातले मोठे आत्मिक पर्व सुरू झाले. केडगावचे मुक्ती मिशन, तिथल्या शेकडो मुलींची प्रार्थना आणि 1905 सालचे तिथले संजीवन, हे सगळे त्यानंतरचे.

भरवसा कशाच्या आधारावर

भरवसा म्हणजे आपल्या इच्छेवरची श्रद्धा नव्हे. भरवसा कुणावर तरी असतो, आणि तो कोण आहे यावर भरवशाचे मोल ठरते. बायबलमध्ये त्याचे तीन आधार वारंवार सापडतात.

पहिला आधार देवाच्या बापपणाचा. लूकच्या अकराव्या अध्यायात येशू श्रोत्यांना विचारतो, की तुमच्यातला कोणता बाप मुलाने मासा मागितल्यावर त्याच्या हाती साप ठेवील? हाच प्रसंग मत्तयाच्या सातव्या अध्यायातही आहे. दोन्ही शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली की एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. मत्तयात देवबाप मागणाऱ्यांना चांगल्या वस्तू देतो. लूकमध्ये त्याच जागी तो पवित्र आत्मा देतो. म्हणजे सगळ्या चांगल्या देणग्यांच्या वर असलेली देणगी म्हणजे देवाची स्वतःची उपस्थिती. आत्मिक गरजेसाठी प्रार्थना करणारा माणूस देवाच्या मनात आधीपासूनच असलेली गोष्ट मागत असतो.

दुसरा आधार ख्रिस्ताच्या देण्याचा. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना भाकरी मिळते. दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत पुन्हा येतात, आणि येशू त्यांना सांगतो की खरी भाकर मीच आहे. वस्तू देऊन तो बाजूला होत नाही, स्वतःलाच देतो. वधस्तंभाचा अर्थ ख्रिस्ती माणसाला इथे उमगतो. ज्याने स्वतःला दिले, तो क्षमा, बळ आणि शांती रोखून ठेवील का?

तिसरा आधार अनुभवाचा. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल देवाच्या पुरवण्याबद्दल ठाम शब्दांत लिहितो. ते पत्र तो बंदिवासातून लिहीत होता, हे विसरून चालणार नाही. आणि त्या आश्वासनाच्या आधीच्या ओळींत तो फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीतच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल आभार मानतो. देवाचा पुरवठा पौलापर्यंत एका माणसाच्या हाताने, लांबचा प्रवास करून पोहोचला होता. पुढचे बरेच काही समजण्यासाठी ही गोष्ट मनात ठेवावी.

एका दिवसाचा वाटा

देव कसा पुरवतो याचा जुन्या करारातला सर्वांत मोठा धडा निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मिसर सोडून आलेले इस्राएल लोक रानात भुकेले झाले, आणि रोज पहाटे जमिनीवर मान्ना पडू लागला. नियम सोपे होते. प्रत्येकी एक ओमर गोळा करायचा. तो त्याच दिवशी खायचा. उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, कारण शब्बाथ दिवशी मान्ना पडत नसे.

यात आत्मिक जीवनाची पूर्ण रीत सांगितली आहे. एक, पुरवठा रोजचा असतो. पुढच्या दहा वर्षांची शांती आज हाती येत नाही. आजच्या ओझ्यापुरते बळ आज मिळते. उद्याचे ओझे आजच्या बळाने तोलून पाहिले की माणूस घाबरतो, आणि देव पुरवत नाही असे त्याला वाटू लागते. दोन, गोळा करायला तंबूबाहेर जावे लागते. मान्ना कुणाच्या तोंडात पडत नव्हता. तीन, कालचा अनुभव आज पुरत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या एका शिबिरात मन भरून आले होते, तेवढ्यावर आजचा विश्वास जगत नाही.

पण या अध्यायाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. मान्नाचा एक ओमर भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी जपून ठेवावा, अशी आज्ञा झाली. कृपा साठवता येत नाही, पण कृपेची आठवण साठवता येते आणि साठवलीही पाहिजे. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर आजीने लिहिलेल्या तारखा, आजारपणात मिळालेले एखादे वचन, साक्षीची वही ही आपल्या घरातली तशीच भांडी आहेत. भूक त्यांनी भागत नाही. पण ज्याने तेव्हा पुरवले तो आजही पुरवील, हे त्यांच्यामुळे कळते.

पुरवठा येण्याच्या वाटा

देव कोणत्याही मार्गाने भेटू शकतो. पण त्याने काही वाटा नेमून दिल्या आहेत आणि शेकडो वर्षे विश्वासणाऱ्यांना त्या वाटांवर अन्न मिळत आले आहे. भरवसा म्हणजे या वाटांवर रोज जाऊन उभे राहणे.

पहिली वाट वचनाची. मराठी माणसाच्या हाती पूर्ण नवा करार आला 1811 साली. विल्यम कॅरी यांनी तो बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून काढला. तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे मराठी घरांत हे वचन मोठ्याने वाचले जात आहे. वचनाचे काम दोन प्रकारांनी चालते. कधी आजच्या गरजेला नेमके लागू पडणारे वाक्य समोर येते. पण बहुधा वचन आधी आत जाऊन बसते आणि गरज फार पुढे उभी राहते.

याचे एक विलक्षण उदाहरण नाशिकच्याच शरणपूरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला ख्रिस्ती वस्ती आणि शाळा उभारली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे आणली गेली, शिकली आणि हातचे कसबही शिकली. जेकब वेनराइट हा त्यांतला एक. पुढे तो मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत आफ्रिकेत गेला. 1873 च्या मे महिन्यात आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा तिथे कुणी पाळक नव्हता, चर्च नव्हते. बरोबरच्या आफ्रिकन सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले आणि दफनाची प्रार्थना वाचली ती जेकबने. ती प्रार्थना वाचण्याची तयारी त्याला नाशिकच्या शाळेत मिळाली होती. तिथल्या वर्गात बसताना हे शब्द आपल्याला कुठे आणि कुणासाठी लागणार आहेत, याची त्याला काय कल्पना असणार? देवाने त्या रानातल्या शोकाची सोय कित्येक वर्षे आधी, गोदाकाठी करून ठेवली होती. रोजचे वाचन कंटाळवाणे वाटते त्या दिवशी ही गोष्ट आठवावी.

दुसरी वाट प्रार्थनेची. आत्मिक गरजेची प्रार्थना थोडक्यात पण नेमकी असावी. 'प्रभू, सगळ्यांचे भले कर' यापेक्षा 'आज दुपारी मोठ्या जावेशी बोलताना माझ्या जिभेला आवर घाल' ही मागणी पुरवली गेली की नाही, हे संध्याकाळी कळते. गरजेचे नाव घ्यावे, वचनाचा आधार घ्यावा, मागावे, आणि मग थोडा वेळ गप्प राहावे. हे गप्प राहणे बहुतेकांकडून सुटते.

तिसरी वाट मंडळीची आणि संस्कारांची. प्रभुभोजनाच्या वेळी माणूस वेदीपाशी रिकामा हात पुढे करतो आणि त्या हातावर भाकर ठेवली जाते. तिथे कुणी स्वतःचे घेऊन येत नाही, प्रत्येक जण घेणाराच असतो. पापाची कबुली देऊन क्षमेची घोषणा कानांनी ऐकणे, हीदेखील मोठी देणगी आहे. स्वतःच्या मनाने स्वतःला दिलेली माफी टिकत नाही, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली क्षमा टिकते. नाशिकमध्ये कॅथलिक धर्मप्रांत आहे आणि उत्तर भारतीय मंडळीचाही धर्मप्रांत आहे. उपासनेच्या रीती वेगळ्या असल्या, तरी हात पुढे करणे दोन्हीकडे सारखेच आहे. आणि मंडळी म्हणजे केवळ रविवारची उपासना नव्हे. पौलाकडे एपफ्रदीत आला तसे आपल्याकडे कुणीतरी येते. शेजारची मावशी दार वाजवते, शब्बाथशाळेतले जुने गुरुजी फोन करतात, पाळक घरी येऊन पाच मिनिटे बसतात. देवाने पाठवलेले म्हणून त्यांना ओळखावे लागते.

चौथी वाट गीताची. बोलायला शब्द सुचत नाहीत, तेव्हा गाणे आपल्या वतीने प्रार्थना करते. मराठी ख्रिस्ती माणूस या बाबतीत भाग्यवान आहे, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला त्याच्या मातीतल्या चालींत, अभंगांत आणि पदांत भक्तीची भाषा दिली.

टिळक घराची साक्ष

टिळकांचे घराणे म्हणजे या विषयाची चालतीबोलती शाळाच होय. नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 चा, कोकणातला. पुढे ते शिक्षणासाठी नाशिकला आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोखल्यांच्या घरातल्या. वडिलांचे सोवळेओवळे अतिशय कडक होते, आणि त्यापायी घरच्यांचे किती हाल झाले ते लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिले आहे.

नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. तो वाचताना ते डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. बुद्धिमान कवी, वक्ते, देशाच्या आणि धर्माच्या भवितव्याचा विचार करणारे गृहस्थ, आणि मन मात्र अतृप्त. ज्या भुकेबद्दल आपण वर बोललो ती त्यांना होती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

घरावर मात्र आभाळ कोसळले. लक्ष्मीबाई आपल्या लहान मुलाला, दत्तूला, घेऊन जवळजवळ पाच वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. या काळात देवाने त्यांना काय पुरवले हे नीट पाहण्यासारखे आहे. एका रात्रीत विश्वास पुरवला नाही. दुःखाला वाट करून देणारी कविता पुरवली. विचार करायला अवकाश पुरवला. नंतर एक एक गाठ सुटत गेली. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे त्यांच्या मनाने आधी मान्य केले आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली झाला. ज्यांना नातलगांच्या मनपरिवर्तनासाठी प्रार्थना करताना वर्षे लोटली आहेत, त्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. देवाचा पुरवठा बहुधा हळू असतो, आणि तो माणसाच्या बुद्धीला आणि स्वाभिमानाला धक्का न लावता येतो.

टिळकांच्या शेवटच्या पर्वात या भरवशाने आणखी पुढचे पाऊल टाकले. 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो मेळा व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. पगार सोडणे हा वरवर पैशाचा निर्णय दिसतो. मुळात तो आत्मिक गरजेतून आलेला होता. आपल्या लोकांपाशी नोकर म्हणून न जाता भक्त म्हणून जाण्याचे स्वातंत्र्य त्यांना हवे होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा दरबार नुकताच रुजत होता आणि 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते.

आता लक्ष्मीबाईंकडे पाहा. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरवलेली ही बाई विधवा झाली होती. तिच्यासमोर नवऱ्याचे अर्धे काव्य पडले होते. त्यांनी ते हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहून पुढे नेले. शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहिले, ज्याचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला आणि जे मराठी आत्मचरित्रांत अग्रभागी मानले जाते. 1936 साली नाशिकलाच त्यांचे निधन झाले. हे बळ त्यांना आधी हाती देऊन ठेवलेले नव्हते. काम समोर आले, आणि प्रत्येक अध्यायाला लागेल तेवढे मिळत गेले. मान्नाची रीत ती हीच.

कोरडे दिवस आले तर

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मी हे सगळे करतो, तरी काही जाणवत नाही. हा प्रश्न खरा आहे आणि बायबल त्याला झिडकारत नाही. तेरावे स्तोत्र सरळ तक्रारीने सुरू होते. देवाने आपल्याला किती काळ विसरावे, असे स्तोत्रकर्ता विचारतो. अशी तक्रार देवाच्या पुस्तकातच ठेवली आहे, याचा अर्थ ती देवाला ऐकायची आहे. कोरड्या दिवसांत तक्रार हीच प्रार्थना होऊ शकते.

एलीया संदेष्ट्याची गोष्टही अशा वेळी वाचावी. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खायला घालतो. वाणी ऐकू येते ती फार पुढे, होरेब डोंगरावर. आत्म्याची गरज कधी कधी शरीराच्या वाटेने भागवावी लागते. म्हणून सलग आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नको वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे जावे आणि घरातल्या माणसाला सांगावे. औषध घेणे हा विश्वासाचा अभाव नाही. वैद्यही देवाच्या पुरवठ्यातलाच एक हात आहे.

कधी उत्तर नकाराचेही येते. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. त्याऐवजी त्याला कृपेचे आश्वासन मिळाले. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष ख्रिस्तानेही प्याला टळावा असे मागितले. तो टळला नाही, पण तो पिण्याचे बळ मिळाले. मागितलेली गोष्ट आणि पुरवलेली गोष्ट वेगळी असू शकते. पुरवठा झालाच नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

टाळण्याजोगे तीन गैरसमज

पहिला, भरवसा म्हणजे सौदा. इतके दिवस उपास, इतका दशांश, म्हणजे इतकी शांती, असा हिशेब देवाशी होत नाही. उपास आणि दान चांगलेच, पण ते कृतज्ञतेपोटी करावे. कृपा विकत मिळत नाही, म्हणूनच ती गरिबालाही मिळते.

दुसरा, भरवसा म्हणजे स्वस्थ बसणे. ज्याला क्षमा हवी आहे त्याने भावाला फोन करावा. ज्याला दिशा हवी आहे त्याने जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. देव चालणाऱ्याला वाट दाखवतो.

तिसरा, भावना म्हणजे मोजमाप. डोळ्यांत पाणी आले म्हणजे देव भेटला आणि नाही आले म्हणजे दूर गेला, असे नसते. विहिरीत पाण्याचा पाझर आवाज न करता येतो, आणि आत्म्याला मिळणारे पोषणही बहुधा तसेच असते. सहा महिन्यांनी मागे वळून पाहावे. राग पूर्वीपेक्षा लवकर शमतो का? दुसऱ्याचे दुःख दिसते का? माफी मागणे थोडे सोपे झाले का? पौलाने गलतीकरांना आत्म्याचे फळ म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, त्या झाडावरच्या फळासारख्या सावकाश धरतात. पुरवठा होतो की नाही हे त्यांवरून ओळखावे.

रोजचा क्रम

हे सगळे एका साध्या दिनक्रमात बसवता येते. सकाळी चहाच्या आधी एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला एक उतारा मोठ्याने वाचावा. त्यातले एक वाक्य निवडावे आणि दिवसभर मनात घोळवावे. मग आजची एकच गरज देवापुढे ठेवावी, क्षमा, बळ, दिशा, सोबत यांपैकी जी असेल ती. दुपारी कामाच्या धामधुमीत एक मिनिट थांबून तेच वाक्य आठवावे. रात्री कुटुंबाने एकत्र बसून एक गीत म्हणावे, आणि आज देवाने काय दिले, कुणाच्या हाताने दिले, हे एकमेकांना सांगावे. लहान मुलांकडून ही उत्तरे फार चांगली येतात. वहीत तारखेसह एक ओळ लिहून ठेवावी. रविवारी मंडळीत जावे, आणि गेल्यावर आठवड्यात एकाकी पडलेल्या एका तरी माणसाची विचारपूस करावी. मिळालेले वाटले की देवाचा पुरवठा थांबत नाही, उलट मोकळा होतो.

ज्यांना प्रार्थना जमत नाही असे वाटते, त्यांनी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हणावी आणि रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी थांबून आपल्या आतल्या भुकेचे नाव घ्यावे. तेवढे पुरे आहे.

वाचकहो, आज तुमच्या मनात कोणती गरज आहे, हे तुम्हालाच ठाऊक. ती मोठी आहे म्हणून लपवू नका आणि क्षुल्लक आहे म्हणून टाकून देऊ नका. येत्या रविवारी जवळच्या चर्चमध्ये जा, पाळकांशी किंवा फादरांशी एकदा मोकळेपणी बोला, आणि उद्या सकाळपासून आजच्यापुरतेच मागायला सुरुवात करा. देव उद्याचे उद्या देईल. त्याने आजवर कुणाला उपाशी परत पाठवलेले नाही.